रेसिंग सोडली, आता ड्रायव्हिंग स्कूल काढू का?

हाफक्लच_डिचोली:
नमस्कार मंडळी. वय ३४. विशीत कार्टिंग, मग कोईमतूरचा करी ट्रॅक आणि चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा, फॉर्म्युला एलजीबी म्हणजे एकसीटर रेसगाड्यांचे चार सीझन केले, दोनदा पोडियमपण मिळाला, पण स्पॉन्सर काही मिळाला नाही आणि टायरचे पैसे बाबांच्या पीएफमधून किती दिवस काढणार. आता पणजीत नोकरी. डोक्यात आलंय की ड्रायव्हिंग स्कूल काढावं. बायको म्हणते मला शिकवताना दोन दिवसांत माहेरी जायची पाळी आणलीस, तू काय लोकांना शिकवणार. रेसिंगचं लायसन दाखवून आरटीओत काही सूट मिळते का?

साखळीची_मास्तरीण:
सूट बिट काही नाही बाब. इन्स्ट्रक्टर दहावी पास हवा, गाडी चालवायचा पाच वर्षांचा अनुभव हवा आणि वर मोटर मेकॅनिकच्या कोर्सचं सर्टिफिकेट, बरेचजण इथेच अडकतात. फॉर्म १२ भरायचा, लायसन फॉर्म ११ वर येतं, पाच वर्षांचं. गाडीला डबल कंट्रोल. कारसाठी शिकणाऱ्याला किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष स्टिअरिंगवर १० तास द्यायचे असतात, सगळे देतात का ते सोडा.
खरी गोम तुमच्या पायात आहे. तुमच्या बाजूला ब्रेक असतो ना, तो दाबायची सवय लागली की शिकणाऱ्याला वाटतं गाडी मीच थांबवली. माझ्याकडे एक काकी होत्या, सकाळी साडेसहाला कोपऱ्यावरून पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर पों पों करत आला, काकींनी स्टिअरिंग सोडून दोन्ही हात कानावर ठेवले. तेव्हा दाबला मी. पण त्याआधीचे अकरा दिवस मी जो उगीच दाबत होते त्यामुळेच त्यांना वाटत होतं की ब्रेक हे मास्तरणीचं काम.

टायरवाला:
गोव्यात आधीच सगळे रेसर आहेत रे, रेंट-अ-कारवाल्या पर्यटकांना गाडी हळू चालवायला शिकव, पुण्य लागेल.

चोर्ला_घाट:
वरच्याकडे दुर्लक्ष कर. बॉब बॉन्डुरंटचं नाव ऐकलं असशीलच, अमेरिकन रेसर, १९६४ ला फ्रान्समधल्या ले मान्सच्या २४ तासांच्या रेसला डॅन गर्नीबरोबर जीटी क्लास जिंकलेला माणूस, १९६७ ला वॉटकिन्स ग्लेनला गाडी उलटून पार मोडला आणि १९६८ ला त्याने रेसिंगची शाळा काढली. इंग्लंडात जिम रसेलने तर १९५७ लाच काढली होती. पण त्यांच्याकडे जायचे ते हौसेने. तुझ्याकडे येणार ते लायसन पाहिजे म्हणून, घाबरत, बहुतेक घरच्यांनी ढकललेले.
तरी तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी साध्या इन्स्ट्रक्टरकडे नसते, नजर. नवशिका बॉनेटच्या टोकाकडे बघतो, तू वळणाच्या बाहेर पडायच्या जागेकडे बघतोस. ते शिकव. आणि पकड शिकव. टायरकडे पकड मोजकीच, ती ब्रेकला द्यायची की वळायला हे ठरवावं लागतं, हे तुझ्या अंगात मुरलंय. पहिल्या पावसात खाणीच्या ट्रकांच्या रस्त्यावर लाल चिखलाचा राप बसतो तिथे ऐन वळणात ब्रेक मारला की काय होतं ते कुठल्याच स्कूलमध्ये सांगत नाहीत. आधी सरळ रेषेत वेग कमी, मग वळण, बस. हील-टो (एकाच पायाने ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर) वगैरे विसर, काकींना हाफ क्लचवर चढणीला गाडी धरता आली की जग जिंकलं.

साखळीची_मास्तरीण:
चढणीचं शंभर टक्के. आणि बोलणं कमी, रेसवाले फार बोलतात. (माझा भाऊ रॅलीवाला आहे, अनुभवाने सांगते.)

हाफक्लच_डिचोली:
धन्यवाद सगळ्यांना. मेकॅनिक कोर्सची चौकशी सोमवारी करतो. बायकोला परत विचारलं, म्हणाली शिकते पण तू गप्प बसायचं. आज एल लावून मयेच्या तळ्याकडच्या रस्त्याला गेलो. तिने तीनदा गाडी बंद पाडली, मी गप्प. चौथ्यांदा मी नुसता श्वास घेतला तर गाडी बाजूला लावून खाली उतरली.