शिक्षक घरी बसून नव्हते

वर एका सदस्यांनी लिहिलंय की कोरोनात शाळा बंद असताना शिक्षकांनी घरबसल्या पगार घेतला आणि ऑनलाइन वर्ग सगळीकडे व्यवस्थित चालले. वाचून फार वाईट वाटलं. मी दापोली तालुक्यातल्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. शाळेचे पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले. वाडीत वीज यायला महिना उलटला. मोबाईल चार्ज कुठे करायचा हाच प्रश्न, तिथे सरकारचं अभ्यासाचं दीक्षा ॲप कोण उघडणार? पत्रे कसेबसे बसवले, तर गणपतीला आलेल्या चाकरमान्यांच्या विलगीकरणासाठी खोली गेली. सोबतच्या गुरुजींची ड्युटी तपासणी नाक्यावर लागली, मग 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'च्या घरोघरच्या कोरोना सर्वेक्षणात. चार वर्गांना मी एकटी.

झेरॉक्स काढून वाड्यावाड्यांत फिरले. आमच्याकडे रेंज येते ती सड्यावरच्या एका कातळावर. तिसरीतली एक मुलगी बापाचा फोन घेऊन तिथे छत्रीखाली बसायची. बाप खाडीवर गेला की फोनही जायचा. मग रात्री आठनंतर ती धडा वाचायची आणि मी फोनवर ऐकायचे. अडली की श्वास रोखायची, तेवढंच कळायचं.

पहिली ते चौथीचे वर्ग उघडले १ डिसेंबर २०२१ ला. दुसरीची मुलं त्या दिवशी पहिल्यांदाच वर्गात बसली. जोडाक्षरं राहू द्या, पेन्सिल कशी धरायची इथून सुरुवात.

शिक्षकांकडे हिशेब जरूर मागा. पण दोनच शिक्षक असलेल्या शाळेतून एकाला बाहेरच्या कामाला कोणी आणि का उचललं, हेही विचारा.