अ‍ॅक्सिलेटर सोडला की सायलेन्सरमधून फट-फट, मदत हवी आहे

मनीषनगरवाला:
आठ-दहा दिवस झाले, गाडी आवाज करून राहिली. वर्धा रोडच्या डबलडेकर पुलावरून उतरताना पाय काढला की मागून फट, फट-फट. स्पीडमध्ये काही नाही. शनिवारी आईला घेऊन अमरावतीला जायचं आहे. काय असू शकते? लवकर सांगा.

जुनाफिटर:
कोणती गाडी? पेट्रोल की सीएनजी? किती चालली? चेक लाइट लागला का?

इतवारीकर:
प्लग बदला भाऊ. माझ्या गाडीला असंच होतं, चारही प्लग टाकले, आवाज बंद.

मनीषनगरवाला:
पेट्रोल, २०१३ ची हॅचबॅक, ८२ हजार. लाइट नाही. प्लग मार्चमध्येच टाकले.

सदरचा_पाहुणा:
टायरमधली हवा सकाळी थंड असतानाच चेक करत जा. नागपूरच्या उन्हात दुपारी भरली तर आकडा चुकीचा दिसतो.

इतवारीकर:
मग प्लगला करंट देणारी कॉइल असेल. नाहीतर सरळ कॅट (सायलेन्सरमधला धूर साफ करणारा कन्व्हर्टर) काढून टाका, गाडी मोकळी होते.

जुनाफिटर:
कॅट काढायचा सल्ला देऊ नका हो, पीयूसीत अडकतील. आणि कॉइल गेली तर चढावर गाडी झटके मारते, ते तर हे म्हणून नाही राहिले.
पाय काढला की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल तोडतो, पण त्या क्षणी थोडं न जळलेलं पुढे जातंच. एरवी ते गुपचूप निघून जाते. सायलेन्सरच्या एखाद्या जोडातून बाहेरची हवा आत ओढली गेली, की ते तिथेच पेटते. फट होते ते हे. लीक ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या) आधी असला तर बाहेरच्या हवेने सेन्सरही फसतो, ईसीयू जास्त पेट्रोल सोडतो, अ‍ॅव्हरेज पडते. खालून काही काम केलं का इतक्यात?

मनीषनगरवाला:
अ‍ॅव्हरेज पडलं खरं, १६ चं १३. मला वाटलं एसीमुळे. काम म्हणजे क्लच बदलला गेल्या महिन्यात. त्याचा काय संबंध?

जुनाफिटर:
अहो तेच आधी सांगायचं न! क्लचला गिअरबॉक्स उतरवताना बऱ्याच गाड्यांचा पुढचा पाइप सोडतात. सकाळी गाडी पूर्ण थंड असताना कोणाला तरी चालू करायला सांगा. मागच्या पाइपवर जाड ओलं फडकं दोन-तीन सेकंद दाबा आणि पुढे कान द्या. फुस आलं की तिथेच लीक. हे गाडी तापल्यावर करू नका, हात भाजेल. बंद घरातही नको.

धरमपेठ_डिझेल:
म्हणून मी डिझेल घेतली. हे प्रकारच नाहीत.

इतवारीकर:
डिझेलचा टर्बो गेला की कळेल.

मनीषनगरवाला:
केलं आज सकाळी. भावाने फडकं धरलं. पुढच्या पाइपच्या फ्लँजपाशी (नट-बोल्टच्या जोडापाशी) स्पष्ट फुसफुस, नटाजवळ काळी काजळी. जोडातलं गॅस्केट (हवा अडवणारी पट्टी) जुनंच परत लावलेलं दिसते. पैसे नव्याचे घेतले होते, फार राग आला. आता नवीन घेऊन दुसऱ्याकडून बसवतो.

जुनाफिटर:
नट-बोल्टही नवेच घ्या, जुने गंजलेले नीट आवळत नाहीत. आणि दोन्ही फ्लँज घासून घ्या, एक बाजू वाकलेली असली तर नवं गॅस्केटही आठ दिवसांत जाईल. अमरावतीला निघायच्या आधी २० किलोमीटर चालवून पुन्हा फडकं लावून बघा, गाडी थंड झाल्यावर.

कामठीरोड:
माझ्या कार्बोरेटरवाल्या बाइकलाही उतारावर असंच होते. तिचं काय करू?