मदत हवी आहे: १०८ ची ड्युटी सांभाळून आपत्कालीन व्यवस्थापनाची ऑनलाइन पदवी

नमस्कार मंडळी,

प्रश्न धाकट्या भावासाठी विचारतेय. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. तो १०८ रुग्णवाहिकेवर ईएमटी (तातडीचे उपचार करणारा तंत्रज्ञ) आहे. सीपीआर, ट्रायाज (कुठल्या पेशंटला आधी बघायचं ते ठरवणं) वगैरे त्याला आता कोणी शिकवायला नको. पण ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हापासून त्याला कंट्रोल रूमच्या कामाचं वेड लागलंय. कुठली गाडी कुठे पाठवायची, डायलिसिसचे पेशंट आधी कुठल्या भागातून हलवायचे, जनरेटर तळघरात असलेल्या हॉस्पिटलचं काय करायचं, हे ठरवणाऱ्यांत बसायचंय म्हणतो. (पुरात शहरात आलेल्या मगरींचे व्हिडिओ तेवढे सगळ्यांनी पाहिले, ही त्याची कायमची तक्रार.)

शिफ्टमुळे रोजचं कॉलेज जमणार नाही. एका परदेशी विद्यापीठाची आरोग्य व आपत्कालीन व्यवस्थापनाची ऑनलाइन पदवी त्याने शोधलीय. विषय बघून मलाही मोह झाला: साथरोग, पूर्वतयारी, हॉस्पिटलचा आपत्ती आराखडा, आपत्तीनंतरचं पुनर्वसन. फी बघून मात्र डोळे पांढरे झाले. ही पदवी इथे सरकारी नोकरीला चालते का? की भारतातलंच काही बघावं? आईचं मत विचारू नका, तिला त्याने बँकेच्या परीक्षा द्यायला हव्यात.

प्रतिसाद १
ताई, आधी एक घोळ निस्तरा. ईएमटी हा व्यवसाय २०२१ च्या अलाइड हेल्थकेअर (डॉक्टर-नर्सना साथ देणारे आरोग्य व्यवसाय) कायद्याखाली येतो, आणि त्या कायद्यातले अभ्यासक्रम ऑनलाइन किंवा दूरस्थ चालवायला यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मनाई केलीय. म्हणजे 'घरबसल्या पॅरामेडिक पदवी' विकणारा कोणी भेटला तर फोन ठेवून द्या. नुसतं व्यवस्थापन शिकवणारा कोर्स वेगळा. तिथेही विद्यापीठ, कोर्स आणि सत्र, तिन्ही यूजीसीच्या डीईबी (दूरस्थ शिक्षण विभाग) साइटवर ताडून पाहा. प्रवेशाला डीईबी आयडी लागतो, तो स्वतःच काढा, एजंट नको. परदेशी पदवीचं म्हणाल, तर समकक्षता (भारतातल्या पदवीच्या बरोबरीची मान्यता) मिळेल का हे पैसे भरायच्या आधी लेखी विचारा.

प्रतिसाद २
मी असतो तर इग्नूतून (इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ) साधी बीए केली असती आणि मग तिथलाच आपत्ती व्यवस्थापनाचा पीजी डिप्लोमा. नाव भारदस्त नाही, पण खर्च बराच कमी. मधल्या काळात दिल्लीच्या एनआयडीएमचे (राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्था) छोटे ऑनलाइन कोर्स करता येतील. शिवाय एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल) सहावी बटालियन तुमच्या बडोद्याजवळ जरोदलाच आहे, त्यांच्या मॉक ड्रिल होतात तिथे ओळखी होऊ द्या. एनडीएमएची (राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण) २०१० ची इन्सिडंट रिस्पॉन्स सिस्टिमची, म्हणजे आपत्तीत कोणी काय करायचं याची, मार्गदर्शिका आजच वाचायला द्या. त्यात रस टिकला तर पुढचं बोला.

धागाकर्ती
दोघांचे आभार. मार्गदर्शिका उतरवून दिली, रात्रपाळीला घेऊन गेलाय. इग्नूच्या परीक्षा जून-डिसेंबरात असतात ना? जून म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, तेव्हा १०८ वाल्यांना रजा मिळणं कठीण. नोकरी करून ज्यांनी केलंय त्यांनी हे कसं जमवलं?