मदत हवी आहे: वेबकोलाज स्क्रीनसेव्हर लावला की टीव्ही नुसता काळा

वाचनघर_महाल:
नमस्कार. लिनक्सवर वेबकोलाज लावायचा आहे, म्हणजे नेटवरची चित्रं एकमेकांवर चिकटवत जाणारा स्क्रीनसेव्हर. एक्सस्क्रीनसेव्हर या प्रोग्रॅमच्या यादीत नाव दिसतं, पण प्रिव्ह्यू दाबलं की पडदा काळा होतो आणि तसाच राहतो. एकही चित्र येत नाही. नेट व्यवस्थित सुरू आहे, रीस्टार्टही करून झालं. रविवारी कार्यक्रम आहे, त्याआधी हे चालायलाच हवं. ज्यांना माहीत आहे त्यांनी कृपया लवकर सांगा.

टक्स_प्रेमी:
लिनक्स कोणतं? आवृत्ती कोणती? टीव्ही म्हणजे कॉम्प्युटर एचडीएमआयने जोडलाय की टीव्हीतच काही टाकलंय? एवढं कळल्याशिवाय कोणीच काही सांगू शकणार नाही.

धंतोलीचा_नंदू:
ताई, एवढी खटपट काहून करून राहिल्या? पेनड्राइव्हमध्ये फोटो टाका, टीव्हीच्या मागे लावा, स्लाइड शो सुरू करा. माझ्या दुकानात दिवसभर तेच चालते, गिऱ्हाइक उभं राहून पाहते.

वाचनघर_महाल:
@नंदूभाऊ, स्लाइड शो नको आहे. त्यात एक फोटो जातो, दुसरा येतो. कोलाजमध्ये चित्रांवर चित्रं चढत जातात, कडा एकमेकांत मिसळतात आणि आधीचं थोडं थोडं दिसत राहतं. मी कॉलेजच्या लॅबमध्ये हे पाहिलं होतं, तेच हवं आहे.
@टक्स_प्रेमी, उबंटू 24.04. छोटा कॉम्प्युटर आहे, एचडीएमआयने टीव्हीला जोडलाय.

टक्स_प्रेमी:
सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट, त्यात सिस्टिम डिटेल्स उघडा. 'विंडोइंग सिस्टिम'समोर काय लिहिलंय ते सांगा. वेलँड, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणारी नवी यंत्रणा, असेल तर दुखणं तिथेच आहे. एक्सस्क्रीनसेव्हर हा मुळात एक्स अकरा या जुन्या यंत्रणेसाठी लिहिलेला प्रोग्रॅम, पहिली आवृत्ती 1992 ची. उबंटू मात्र आपणहून वेलँड सुरू करतं, आणि त्यावर तो धड चालत नाही.

लॉगआउट करा. नावावर क्लिक केल्यावर, पासवर्ड टाकायच्या आधी, उजवीकडे खालच्या कोपऱ्यात दातेरी चाक दिसेल. त्यातून 'उबंटू ऑन एक्सॉर्ग' निवडा, एक्सॉर्ग म्हणजे तेच एक्स अकरा. पुढच्या वेळी ते आपोआप लक्षात ठेवेल.

ऊर्जा_वाचवा:
मूळ प्रश्नच कोणी विचारत नाहीये. आजच्या एलसीडी टीव्हीला स्क्रीनसेव्हर लागतच नाही. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरवर एकच चित्र तासन्‌तास राहिलं की त्याचा डाग पडायचा, म्हणून ते निघाले. आता पडदा बंद करणं हाच उपाय. दिवसभर टीव्ही चालू, त्यात नवतपा लागतोय, खोली आणखी तापणार.

इतवारीकर:
नवतप्यात टीव्हीच काय, मोबाइलसुद्धा हात पोळेल इतका तापतो. आमच्याकडे दुपारी लाइट गेली की कूलर बंद आणि घरात बसवत नाही. कूलरची वाळ्याची टट्टी बदलून घ्या, सध्या इतवारीत चांगला माल आलाय.

टक्स_प्रेमी:
काका, धागा कूलरचा नाही. @ऊर्जा_वाचवा, डागाचं तुमचं म्हणणं एलसीडीपुरतं बरोबर आहे. ओएलईडीवर अजूनही डाग पडतो. आणि ताईंना पडदा वाचवायचा नाहीये, लोकांना काहीतरी दाखवायचंय.

वाचनघर_महाल:
वेलँडच लिहिलेलं होतं. एक्सॉर्ग निवडलं आणि चित्रं यायला लागली! मनापासून धन्यवाद. पण फार हळू येतात, मध्येच बराच वेळ काहीच हलत नाही. आणि मघाशी रस्त्यावरच्या अपघाताचा एक फोटो आला, रक्त वगैरे. ते बंद कुठून करायचं? ही सेटिंग सापडत नाहीये.

मृणाल_प:
थांबा. हा टीव्ही नक्की कुठे लागणार आहे?

वाचनघर_महाल:
आमच्या वाचनालयाच्या बालविभागात. रविवारी बालविभाग सुरू होतोय. उन्हाळी शिबिराची चाळीसेक मुलं येतील, दुसरी ते सातवीची. दारासमोरच्या भिंतीवर टीव्ही आहे.

मृणाल_प:
मग आत्ताच्या आत्ता बंद करा. हे मी शिक्षिका म्हणून सांगतेय. मुलांच्या खोलीत, कोणी न तपासलेली चित्रं, तीही भिंतीएवढी मोठी? अपघाताचा फोटो म्हणजे तुम्ही थोडक्यात निभावलात.

टक्स_प्रेमी:
बालविभाग हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं. मृणालताईंचं शंभर टक्के बरोबर. वेबकोलाज आतून काय करतो ते सांगतो, म्हणजे 'ती सेटिंग' का सापडत नाहीये ते कळेल.

हा पर्ल या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम आहे, 1999 चा, जेमी झाविन्स्कीचा. नेटस्केप ब्राउझरच्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमरांपैकी एक, एक्सस्क्रीनसेव्हरही त्याचाच. प्रोग्रॅम कॉम्प्युटरमधल्या शब्दांच्या यादीतून कुठलातरी शब्द उचलतो, तो शोधयंत्राला देतो, आलेल्या निकालांतून एखादं पान निवडतो आणि त्यातलं चित्र पडद्यावर कुठेतरी चिकटवतो. चित्र थोडं पारदर्शक असतं, म्हणून खालचं दिसत राहतं. हे सगळं होताना चित्रात काय आहे ते कोणीच बघत नाही. प्रोग्रॅमला ते कळतच नाही, मग बंद करायचं बटण येणार कुठून? डेबियनवाल्यांनी (उबंटू ज्यावर बेतलंय ते लिनक्स) याच कारणाने त्याचं वेगळं पॅकेज केलंय, म्हणजे नको ते चित्र कोणाच्या पडद्यावर नकळत येऊ नये.

हळू का चालतंय, तेही यातच आलं. ज्या शोधयंत्रांच्या भरवशावर हा लिहिला होता त्यांतली काही बंद पडली, अल्टाव्हिस्टा 2013 मध्येच गेलं. जी आहेत ती अशा प्रोग्रॅमना सहसा दाद देत नाहीत. एखाद्या पत्त्यावरून उत्तर आलं नाही तर तो तीस सेकंद वाट बघतो, मग दुसरीकडे जातो.

कोडवेडा:
सोपा उपाय आहे. शब्दांची यादी आपली स्वतःची द्या, डिक्शनरी नावाचा पर्याय आहेच. इंग्रजीत वाघ, पळस, संत्रं, मोर, हरीण, धबधबा असे शंभर शब्द एका फाइलमध्ये लिहा. मग वाईट काही येईलच कसं?

मृणाल_प:
येईल. मागे वर्गात प्रोजेक्टरवर 'संत्रं' शोधून दाखवत होते, तिसऱ्याच ओळीत दारूच्या बाटलीवर संत्र्याची फोड. 'वाघ' म्हटलं की शिकारीचे फोटो येतात. शब्द साधा असला म्हणून चित्र साधं येतं असं नाही.

कोडवेडा:
मग शोधच नको. ड्रिफ्टनेटचा पर्याय लावा. वाचनालयाच्या वायफायवरून जी चित्रं येतात-जातात ती पकडून त्यांचं कोलाज होतं. जिवंत वाटतं एकदम.

टक्स_प्रेमी:
अजिबात नको. वाचनालयात बसलेला माणूस मोबाइलवर काय बघतोय ते सगळ्यांसमोर भिंतीवर लावायचं? त्याला विचारलंय का कोणी? हे चूकच आहे. शिवाय आता जवळपास सगळ्या साइट एचटीटीपीएसवर आहेत, चित्रं कुलूपबंद येतात, त्यामुळे पकडायला फारसं काही मिळणारही नाही.

कोडवेडा:
मी फक्त पर्याय सांगितला. पण बाहेरची चित्रं आलीच नाहीत तर त्यात 'वेब' काय उरलं? पुढचं चित्र काय येईल ते कोणालाच ठाऊक नसतं, यातच सगळी मजा आहे.

धंतोलीचा_नंदू:
म्हणून म्हटलं ना, पेनड्राइव्ह!

टक्स_प्रेमी:
नंदूभाऊंचा अर्धा मुद्दा घेऊ. चित्रं आपली, कोलाज वेबकोलाजचा. यात डिरेक्टरी नावाचा पर्याय आहे. तो दिला की प्रोग्रॅम नेटवर जातच नाही, दिलेल्या फोल्डरमधली चित्रं उचलतो. एकमेकांवर चढणं, मऊ कडा, सगळं जसंच्या तसं. कोडवेडा म्हणतो ती मजाही राहते, कारण कोणतं चित्र कुठे पडेल हे तेव्हाही कोणाला ठाऊक नसतं.

एक्सस्क्रीनसेव्हरच्या यादीत वेबकोलाज निवडा, सेटिंग्ज, मग ॲडव्हान्स्ड. तिथे आज्ञेची ओळ दिसेल, शेवटी बहुधा डॅश डॅश रूट. त्यापुढे एक जागा सोडून रोमनमध्ये डॅश डॅश डिरेक्टरी, पुन्हा जागा, मग फोल्डरचा पूर्ण पत्ता. फोल्डरच्या नावात मोकळी जागा ठेवू नका. त्याच ओळीत डॅश डॅश डिले दहा असंही लिहा. मूळचा डिले, म्हणजे दोन चित्रांमधला थांबा, दोन सेकंदांचा आहे आणि आता नेटची वाट बघायची नसल्यामुळे चित्रं भराभर पडतील, लहान मुलांना तो वेग नको. लावून झालं की नेट काढून चालवून बघा. तरीही चित्रं आली तर खात्री पटली.

वाचनघर_महाल:
नेट काढून बघितलं, चालतंय. चाचणीसाठी फोल्डरमध्ये फुटाळा तलावाचे आणि मारबतीचे, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत निघणाऱ्या पुतळ्याचे, माझेच फोटो टाकले होते. पिवळ्या मारबतीच्या चेहऱ्यावर तलावाचं पाणी चढलं आणि डोळे तेवढे त्यातून दिसत होते. हेच हवं होतं मला. नेटवरचं कुठलंतरी चित्र येण्यापेक्षा मुलांना आपल्या नागपुरातलं ओळखीचं काहीतरी अचानक दिसावं, "अरे हा तर झिरो माईल" असं ओरडावंसं वाटावं. पण माझ्याकडे फोटो पन्नासही नाहीत. आणखी कुठून घेऊ?

मृणाल_प:
विकिमीडिया कॉमन्स या मोफत फोटोंच्या साइटवर बघा. दीक्षाभूमी, सीताबर्डीचा किल्ला, रामटेक, पेंचचं जंगल, सगळ्याचे फोटो आहेत. एकेक उघडून स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा आणि मगच फोल्डरमध्ये टाकायचा. एका बैठकीत शंभर होतात. मी शनिवारी दुपारी येऊन मदत करू शकते.

टक्स_प्रेमी:
फक्त प्रत्येक फोटोखालचा परवाना वाचा. बऱ्याच फोटोंना छायाचित्रकाराचं नाव देणं बंधनकारक असतं. कोलाजमध्ये नाव लिहायला जागा नसते, म्हणून टीव्हीशेजारी नावांचा छापील कागद लावा.

ऊर्जा_वाचवा:
आणि वाचनालय बंद झाल्यावर टीव्ही बंद होईल असं बघा. एक्सस्क्रीनसेव्हरमध्ये ॲडव्हान्स्ड टॅबवर पडदा ठरावीक वेळाने बंद करायची सोय आहे. एवढं तरी ऐका.

वाचनघर_महाल:
@ऊर्जा_वाचवा, हो, ते नक्की करते. @मृणालताई, शनिवारी तीनला या, मी दुपारपासून तिथेच आहे.

अमरावतीचा_पाहुणा:
हे विंडोजवर चालेल का?

टक्स_प्रेमी:
नाही. एक्सस्क्रीनसेव्हर लिनक्स आणि मॅकवर चालतो, विंडोजसाठी तो निघालेलाच नाही.

इतवारीकर:
ताई, माझ्या वडिलांनी काढलेले जुन्या इतवारीचे आणि महालाचे फोटो आहेत, कृष्णधवल, चार बाय सहाचे छापील. एका ट्रंकेत भरून पडलेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गर्दीचेही आहेत, काळी मारबत अगदी जवळून. मुलांना दाखवायचे असतील तर देतो. पण स्कॅन कसे करायचे? दुकानवाला विचारतो किती डीपीआय.

टक्स_प्रेमी:
काका, तीनशे सांगा, म्हणजे इंचाला तीनशे ठिपके. चार बाय सहा इंचांचा फोटो तीनशेवर 1800 बाय 1200 ठिपक्यांचा होतो. फुल एचडी पडदा 1920 बाय 1080 चा आणि कोलाजमध्ये एकेक चित्र त्याहून बरंच लहान पडतं, त्यामुळे भरपूर झालं. पण मूळ फोटो पुन्हा पुन्हा हाताळायचे नसतील तर एकदाच सहाशेवर करून ठेवा, घरच्यांनाही उपयोगी पडतील. जेपेगमध्ये घ्या, पीडीएफ नको. आणि रंग 'ग्रे' न ठेवता 'कलर'च ठेवायला सांगा, जुन्या कागदाचा पिवळेपणा त्यातच नीट येतो.

वाचनघर_महाल:
काका, शनिवारी ट्रंकच घेऊन या. वाचनालयात स्कॅनर आहे, दुकानात जायची गरज नाही. कोणता फोटो कुठला आणि साधारण कधीचा ते तुम्ही सांगा, मी फाइलच्या नावात लिहीत जाते.