सोलापूरच्या नाट्यसंस्थांत पूर्वभागातली पोरं का नाहीत?

विंगेतून: काल एकांनी लिहिलं, "गुणवत्ता असली की जागा मिळतेच, निवड चाचणी सगळ्यांना खुली असते." कुणाला खुली? पूर्वभाग म्हणजे यंत्रमाग आणि बिडी कामगारांची वस्ती. सूचना पडते संस्थेच्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, दोन दिवस आधी. तालीम सहाला. यंत्रमागावरची दिवसपाळी आठला सुटते. बिडी वळणारीची मजुरी हजार बिड्यांमागे, तालमीत दोन तास गेले की तेवढ्या बिड्या बुडाल्या. राज्य नाट्य स्पर्धेची तालीम महिना-दोन महिने, मानधन शून्य. पुढे राष्ट्रीय नाट्य विद्यालय पदवीबरोबर किमान ६ नाटकांतला सहभाग मागतं. तो कुठून आणायचा?

नेपथ्यवाला: मानधन कशातून द्यायचं? सेट, लाइट, टेम्पो यातच संस्था मोडते. आणि खरी अडचण उच्चारांची आहे. घरी तेलुगू-कन्नड, स्टेजवर 'भाकरी'ची 'बाकरी' होते. परीक्षक गुण कापतात.

पूर्वभागकर: आलं का उच्चारांवर! अहो, महाप्राणाचा, म्हणजे 'ख', 'भ' अशा हवेचा झोत लागणाऱ्या अक्षरांचा प्रश्न आहे, अकलेचा नाही. ओठांसमोर चार बोटं अंतरावर कागदाची पट्टी धरा. 'क'ला जेमतेम हलते, 'ख'ला उडते. रोज पंधरा मिनिटं, आधी अक्षरं, मग शब्द, मग वाक्य. थेट संवाद पाठ करून घेता, म्हणून चूक पक्की बसते. आणि बाकरी म्हणणारं पात्र सोलापूरच्या नाटकात नको का?

नेपथ्यवाला: पेशवाईच्या नाटकातही चालवायचं का मग?

पूर्वभागकर: तिथं नाही. पण दरवेळी पेशवाईच का निवडता? बार्शीच्या अमर शेखांनी गिरणी कामगारांपुढे शाहिरी केली, तीही याच जिल्ह्याची कला.

विंगेतून: उच्चार पुरे, मुद्द्यावर या. नाटक कोण निवडतं? कार्यकारिणी. तिची बैठक कामाच्या दिवशी अकराला. समजा नवी माणसं निवडून आली, तरी ९० दिवसांत संस्थांची नोंद ठेवणाऱ्या धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो रखडवला की दप्तरी जुनीच नावं, बँकेत सह्याही त्यांच्याच. नवा सचिव चहाचं बिलही पास करू शकत नाही. सभेच्याच दिवशी इतिवृत्तावर सह्या घ्या, जुन्यांची संमतिपत्रंही तिथंच.

नेपथ्यवाला: बदल अर्जाचं मान्य, तिथं मुद्दाम खोळंबा होतो. तालीम साडेआठला नेऊ, पण बायकांना परत सोडायला रिक्षा धरावी लागेल, तो खर्च बजेटात आधी लिहा. उच्चारांची सूट मात्र मिळणार नाही.

पूर्वभागकर: सूट मागितलीच कुणी? पंधरा मिनिटं मागितली. आणि पुढची सूचना तेलुगूतही काढा, कारखान्याच्या गेटवर लावा, पंधरा दिवस आधी.