आईचं विसरणं वाढलंय, घरी काय सवयी लावायच्या? (ठाणे)

नौपाडाकर
आई सारखं विसरते. काल तिसऱ्यांदा दूध उतू जाऊन पातेलं करपलं, आणि ती बाल्कनीत तुळशीला पाणी घालत उभी. 'वास नाही आला का गं?' विचारलं तर माझ्याकडे बघतच राहिली. ब्राह्मी, बदाम चालू आहे. मी दिवसभर ऑफिसात, ती एकटी. घरच्या घरी काय करता येईल? लवकर सांगा.

कोपरीची काकू
अरे, वय किती? कधीपासून? गोळ्या कुठल्या? काहीच लिहिलं नाहीस.

नौपाडाकर
७२. चार-पाच महिने. गोळ्या नेहमीच्याच.

वाशीकर
सुडोकू आणा. माझे वडील ८१ वर्षांचे, रोज दोन सोडवतात, एकदम तल्लख आहेत.

उपवनवाला
सुडोकूने सुडोकूच चांगलं येतं. पहाटे उपवनला तळ्याकाठी आमच्यासोबत पाठवा. चालणं होतं, चार माणसांशी बोलणं होतं.

वाशीकर
गुडघेदुखीच्या धाग्यावरही तुम्ही हेच सांगितलं होतं. एकटीने जाताना रस्ता चुकली तर?

घणसोली
उपवनला रविवारी गाडी लावायला जागा मिळते का?

पाचपाखाडी
पातेलं स्टीलचं असेल तर पाण्यात खायचा सोडा घालून उकळा, करपलेलं सुटतं.

कोपरीची काकू
नौपाडाकर, 'नेहमीच्याच' म्हणजे मधुमेहाची मेटफॉर्मिन का? ती वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, शाकाहारी माणसात आणखीच. बी-१२ किंवा थायरॉइड बिघडलं तरी विसरायला होतं, रक्त तपासलं की कळतं. झोपेची, खाजेची गोळी घेते का? आणि टीव्ही मोठ्याने लावते का? माझ्या सासूबाईंना आम्ही वर्षभर विसराळू म्हणत होतो. त्यांना मुळात ऐकूच येत नव्हतं, मग लक्षात काय राहणार? लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके दिलेत, त्यात ऐकू कमी येणं आहे.

नौपाडाकर
मेटफॉर्मिन, बारा वर्षं. शाकाहारीच. टीव्हीबद्दल शेजाऱ्यांनी दोनदा सांगितलंय. आत्ता विचारलं तर कळलं, दोन महिने रोज रात्री खाजेची गोळी घेतेय, दुकानातून परस्पर आणलेली. मला पत्ताच नाही.

कोपरीची काकू
ती पट्टी आधी डॉक्टरांना दाखव. खाजेच्या काही गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांचा गोंधळ उडतो. वास येत नाही तेही सांग. घरात किल्लीला एकच खिळा, गोळ्यांना सात कप्प्यांचा डबा, ओट्याशी स्टूल, आणि दूध वर येईपर्यंत तिथून उठायचं नाही. दुधाचा हिशोब कॅलेंडरवर तिलाच लिहू दे, तू लिहू नकोस. काम काढून घेतलंस तर जास्त हरवेल.

नौपाडाकर
स्टूल ठेवलं. शनिवारी रक्त द्यायला नेतोय. कानासाठी थेट मशीनवाल्याकडे जाऊ का?

कोपरीची काकू
आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. कधीकधी नुसता मळ असतो.