दादाच्या रक्तात ‘बी’ची कावीळ निघाली, घरात काय पाळायचं?

कपाशीवाला (जि. यवतमाळ)
नमस्कार मंडळी. पोळ्याच्या आधी गावात रक्तदान शिबिर झालं, दादानं रक्त दिलं. मग रक्तपेढीतून फोन आला, भेटून जा म्हणून. गेलो तर म्हणे एचबीएसएजी (बीचा विषाणू शोधायची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आहे, हेपॅटायटिस बी. माणूस धडधाकट आहे. डोळे पिवळे नाहीत, ताप नाही, परवाच युरियाची पोती एकट्यानं उतरवली. पण घरात तमाशा सुरू आहे. मायनं त्याचं ताट-गिलास वेगळं केलं. वहिनीला पाचवा महिना लागला, तर तिला माहेरी धाडा म्हणून राहिली. काका कावीळ उतरवणाऱ्याकडे न्या म्हणतात. अन् शेजारी कुजबुजतात, हा रोग ‘तसल्या’ माणसालेच होते. खरं काय ते सांगा. हा पसरतो कसा आणि आधी काय करायचं?

टेकडीवरचा
भाऊ, माझ्या साळ्याला झाली होती. माळ घातली, तेल-तिखट बंद केलं, महिनाभरात ठणठणीत. दवाखान्यात पैसा घालू नका.

लॅबवाली ताई
टेकडीवरचे भाऊ, तुमच्या साळ्याला बहुतेक हेपॅटायटिस ए नाहीतर ई झाली असणार. ती घाण पाण्यातून येते, पावसाळ्यात आमच्याकडे रांग लागते, आणि बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपण उतरते. श्रेय माळेला मिळते. बी रक्तातली आहे, तिला माळ काय करणार? आणि जडीबुटीचा काढा तर देऊच नका, काही झाडपाला लिव्हरलाच मारतो.

कपाशीवाले भाऊ, आधी वहिनी. दादाचं नंतर पाहू, त्याला घाई नाही. वहिनीचं एचबीएसएजी या आठवड्यात करा. निगेटिव्ह आलं तर तिला लस सुरू करता येते, गरोदरपणात चालते. पॉझिटिव्ह आलं तर बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच करायचं. बाळाला जन्मल्यावर २४ तासांच्या आत लस, आणि १२ तासांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं, वेगळं इंजेक्शन. वहिनीच्या रक्तात विषाणू जास्त असला तर शेवटच्या महिन्यांत तिलाही गोळ्या देतात. अंगावर पाजायला हरकत नाही. माहेरी धाडून यातलं काहीच होणार नाही.

आता पसरण्याचं. मी तालुक्याच्या दवाखान्यात लॅबमध्ये आहे, रोज असंच रक्त हाताळते आणि हात धुऊन डबा खाते. हा विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. एका ताटात जेवून, खोकल्यानं, लेकराला कडेवर घेतल्यानं जात नाही. मायला म्हणा, ताट एकच राहू द्या, दाढीचं ब्लेड, नेलकटर आणि ब्रश वेगळे करा. वाळलेल्या रक्तातही हा सात दिवस तग धरतो. निंदताना विळा लागला तर जखम झाकायची आणि सांडलेलं रक्त ब्लीचिंगच्या पाण्यानं पुसायचं. वहिनीची लस पूर्ण होईपर्यंत निरोध वापरा. गावातल्या न्हाव्याकडे नवं ब्लेड लावायला सांगा, जत्रेत गोंदून घेऊ नका. आणि एकच सुई सगळ्यांना टोचणारा फिरता डॉक्टर असेल तर त्याला दारातूनच परत लावा. २००९ साली गुजरातमध्ये मोडासाला वापरलेल्या सिरिंज परत वापरल्या म्हणून बीची मोठी साथ आली होती, माणसं मेली.

शेजाऱ्यांचं ‘तसल्या’ वगैरे सोडा. मोठेपणी लागण झाली तर शंभरातल्या पंच्याण्णवांच्या अंगातून तो सहा महिन्यांत निघून जातो. तान्ह्या बाळाला झाली तर दहापैकी नवांच्या अंगात जन्मभर मुक्काम करतो. दादा तिशीतला असेल तर त्याच्या जन्माच्या वेळी ही लस सरकारी लसीकरणात नव्हतीच. त्याला ही लहानपणीच मिळाली असू शकते, म्हणून मायची तपासणी करा. तुमचीही.

कपाशीवाला
ताई, लई उपकार. मायला वाचून दाखवलं, स्वतःची तपासणी म्हटल्यावर गप्प झाली. दादाची पोरगी तीन वर्षांची आहे, तिलाही टोचायचं का? आणि दादाला गोळ्या जन्मभर?

लॅबवाली ताई
पोरीचं लसीकरण कार्ड काढा. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे पेंटाव्हॅलंट (पाच रोगांची एकत्र लस) झाले असतील तर त्यातच बीची लस असते. बाप पॉझिटिव्ह आहे म्हणून एकदा रक्त तपासून घ्या, एवढंच.

गोळ्या सगळ्यांना लागत नाहीत. एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी), सोनोग्राफी आणि विषाणूचं प्रमाण पाहून डॉक्टर ठरवतात. एचबीएसएजी सहा महिन्यांनी परत करायचं, तेव्हाही राहिलं तर जुनाट समजतात. अशा वेळी तब्येत ठीक वाटली तरी तपासणी सोडायची नाही, कारण पुढे सिरॉसिस (लिव्हर कडक होऊन निकामी होणं) किंवा लिव्हरचा कॅन्सर होऊ शकतो. लागल्या तर टेनोफोविर ही रोजची एक गोळी, बहुधा वर्षानुवर्षं. २०१८ पासूनच्या हेपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती सरकारी केंद्रावर फुकट मिळते, जिल्ह्याच्या दवाखान्यात विचारा. मोहाची असो की इंग्रजी, दारू आजपासून बंद. रक्तदानही आता नाही.

जाताना रक्तपेढीचा कागद आणि वहिनीचं गरोदरपणाचं कार्ड दोन्ही न्या. एचबीएसएजी त्यात आधीच केलेलं असेल, तर तिचा निकाल तुमच्या घरातच पडून आहे.